मिठागरे रिकामी नाहीत

पूर्व उपनगरांतील मिठागरांबद्दल गेली काही वर्षे एकच युक्तिवाद अनेक तोंडांनी ऐकू येतो. मुंबईत मीठ पिकवणे आता परवडत नाही, जुने भाडेपट्टे संपले, जमीन ओसाड पडली आहे आणि इकडे लाखो माणसे झोपडीत दिवस काढताहेत. मग या पडीक जमिनीवर घरे बांधली तर कोणाचे काय बिघडले? हा युक्तिवाद आता भाषणापुरता राहिलेला नाही. मुलुंड, भांडुप आणि कांजूर इथल्या मिठागरांची 255.9 एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. त्याच सुमारास देवनारच्या डम्पिंग ग्राउंडमधली 124 एकर जमीनही त्याच प्रकल्पाला देण्याचे ठरले. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ज्या जमिनीतून पीक निघत नाही, ती कोणाच्याच कामाची नाही. माझा आक्षेप या समजुतीला आहे. मीठ निघायचे थांबले तरी मिठागराचे काम थांबत नाही. ही जमीन पक्ष्यांसाठी आणि पाण्यासाठी राखावी, आणि राखायचे काम ज्यांनी ती आजवर कसली त्यांनाच पगार देऊन सोपवावे, हाच तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

मिठागर हे शेतच असते. फक्त तिथे बी पेरत नाहीत. पावसाळा सरला की बांध लिंपायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचे पाणी आत घ्यायचे आणि मोठ्या तळ्यात साठवायचे. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हात आटवत राहायचे, म्हणजे शेवटच्या अगदी उथळ वाफ्यात मिठाचा थर धरतो. या पद्धतीमुळे एकाच आवारात कुठे गुडघाभर, कुठे वीतभर, तर कुठे बोटभर पाणी असते, आणि प्रत्येक ठिकाणचा खारटपणा निराळा. ठाणे खाडीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांना नेमके हेच लागते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि पुढचे काही तास त्यांना दुसरीकडे कुठेतरी उभे राहावे लागते. कांदळवनात ते उतरू शकत नाहीत, कारण दाट झाडीत शिकारी दिसत नाही आणि उडायला वाव नसतो. त्यांना मोकळी, सपाट, उथळ पाण्याची जागा हवी. छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम, पाय दोन-अडीच सेंटिमीटरचे. सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रा प्रदेशात वीण आटोपून तो इथवर येतो. वाफ्यात हातभर पाणी असले तर फ्लेमिंगो त्यात आरामात उभा राहील, शेकाट्याही कडेने निभावून नेईल, पण टिलव्याला आणि चिखल्याला तो वाफा बंद. भरतीच्या वेळी बसायला जागा नसेल तर हे पक्षी तासन्‌तास हवेत घिरट्या घालतात. उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडे परतण्यासाठी अंगात साठवलेली चरबी त्या घिरट्यांतच जळते. अभयारण्याचा नकाशा कितीही मोठा काढा. भरतीच्या वेळची जागा त्यात नसेल तर ते अभयारण्य दिवसातले निम्मे तासच चालू असते.

ठाणे खाडीच्या नकाशात नेमकी हीच उणीव आहे. ऑगस्ट 2015 मध्ये इथे सुमारे 1,690 हेक्टरचे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. त्यात कांदळवन आणि खाडीचे पाणी आले. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत जानेवारी 2019 मध्ये खाडीवर एक लाखाहून अधिक फ्लेमिंगो होते. पण हे पक्षी भरतीला जिथे जातात त्या बहुतेक जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. भांडुप पम्पिंग स्टेशन, टी. एस. चाणक्य, एनआरआय, बेलपाडा, भेंडखळ आणि पाणजे या सहा पाणथळ जागा खाडीशी जोडूनच सांभाळायला हव्यात, असे याच संस्थेने मांडले आहे. पश्चिम काठावरची मिठागरे याच साखळीतली. साखळीतला एकेक दुवा ‘पडीक’ ठरवून काढून घ्यायचा आणि उरलेल्या खाडीवर फ्लेमिंगो महोत्सव भरवायचा, यात संवर्धन कुठेच नाही.

पडीक म्हणून काढून घेतलेल्या जमिनीचे पुढे काय होते, याचा पुरावा शोधायला मुंबईला लांब जायला नको. देवनार समोर आहे. आज जिथे कचऱ्याचे डोंगर उभे आहेत तिथे खाडीकाठची दलदल होती. ती जमीन कोणाच्या कामाची नाही असे ठरले आणि शहराने तिथे आपला कचरा टाकायला सुरुवात केली. अधिकृत कागदांत या डम्पिंग ग्राउंडची सुरुवात 1927 अशी दिलेली असते. सुमारे 132 हेक्टरांवर पसरलेल्या या ढिगाऱ्याला जानेवारी 2016 मध्ये आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या लोकांनी तो कित्येक दिवस छातीत घेतला. ढिगाऱ्यातून झिरपणारे काळे पाणी आजही खाडीकडेच उतरते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या जमिनीला निरुपयोगी ठरवले त्यांनी फक्त एक दलदल बुजवली असे नाही. भरतीचे पाणी सामावून घेणारी जागा गेली, माशांची पिल्ले वाढायची जागा गेली, आणि शहराच्या सर्वांत गरीब वस्तीला कायमचा विषारी शेजार मिळाला. आता तिथला जुना कचरा उपसून जमीन मोकळी करण्यासाठी महापालिकेला हजारो कोटी रुपये मोजावे लागणार आहेत. त्या काळी फुकट वाटलेल्या जमिनीची किंमत आज अशी वसूल होते आहे. कांजूर आणि मुलुंडच्या बाबतीत तोच हिशेब नव्याने मांडला जातो आहे, फक्त कचऱ्याऐवजी सिमेंट आहे.

कायद्यानेही या चुकीला आधार दिला आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्राने 2017 मध्ये जे नियम केले, त्यांतल्या पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातखाचरे आणि मीठ पिकवण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या जागा वगळल्या आहेत. ज्या रामसर कराराखाली ठाणे खाडीला दर्जा मिळाला, त्याच कराराच्या वर्गीकरणात मिठागर हा मानवनिर्मित पाणथळ जागेचा स्वतंत्र प्रकार आहे. भारत 1982 पासून या करारात आहे. म्हणजे जगापुढे आपण मिठागराला पाणथळ जागा मानणाऱ्या कराराचे सभासद आणि घरात मात्र ते पाणथळ नाही असा नियम. माणसाने बांधलेली जागा निसर्गात मोडत नाही, अशी या अपवादामागची धारणा असावी. ती शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. रामसर यादीत मानाने मिरवणारे भरतपूरचे केवलादेवही माणसाने बांध घालून पाणी अडवल्यामुळेच उभे राहिले. पक्षी जमिनीचा दाखला तपासत नाही. त्याला पाण्याची खोली आणि चिखलातले किडे कळतात.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. धारावीतले कुटुंब दहा बाय दहाच्या खोलीत राहते, त्याच्या घरापेक्षा टिलवा मोठा कसा? हा प्रश्न विचारणाऱ्याला पोटभरल्या पक्षीप्रेमीच्या थाटात उडवून लावणे अन्यायाचे आहे. घराचा हक्क खरा आहे आणि तो पक्ष्यापुढे उणा ठरत नाही. पण प्रस्ताव नीट वाचला की वाद गरीब विरुद्ध पक्षी असा राहत नाही. धारावी सुमारे 240 हेक्टरांवर आहे, शहराच्या अगदी मध्यात, दोन रेल्वेमार्गांच्या बेचक्यात. तिथल्या पात्र ठरलेल्यांना तिथेच घरे मिळणार आणि अपात्र ठरलेल्यांना बाहेर, मिठागरांच्या आणि डम्पिंगच्या जमिनीवर. ते बाहेर जाणार आहेत कारण धारावीतल्या जमिनीचा मोठा वाटा विक्रीच्या इमारतींसाठी लागणार आहे. तेव्हा पक्ष्यांची जागा गरिबांना दिली जात नसून गरिबांची जागा बाजाराला दिली जाते आहे आणि त्याचा भार खाडीवर टाकला जातो आहे. धारावीत लोकांना अधिक जागा द्या, विक्रीचा वाटा कमी करा, ही मागणी घराच्या बाजूने उभ्या असलेल्या प्रत्येकाने करावी. मिठागर वाचवण्याशी तिचा कुठेच झगडा नाही.

शहराच्या काठावर नेऊन टाकलेल्या माणसांचे काय होते, हेही देवनारच्या आसपास लिहून ठेवलेले आहे. 1976 मध्ये जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पला हलवले गेले. त्यानंतर रस्ते, रेल्वे, नाले यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांना मानखुर्द-गोवंडीच्या वसाहतींत आणून बसवले. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात, या वसाहती ज्यात येतात त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक 0.05 होता, सगळ्या विभागांत तळाचा. लल्लूभाई कम्पाउंड आणि नटवर पारेख कम्पाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तिथल्या पाहणीत दिसले. यात ना पक्ष्याचा दोष ना कांदळवनाचा. स्वस्त जमीन, लांबचा काठ आणि गर्दीचे बांधकाम या तिन्हींची गाठ पडली की हेच होते, आणि मिठागरांवरच्या भाड्याच्या घरांतही हीच गाठ बांधली जाते आहे.

त्यात पाण्याचा धोका वेगळा. मिठागर सखल असते, म्हणूनच तिथे भरतीचे पाणी आपसूक आत येते. तिथे इमारती उभ्या करायच्या तर आधी भराव घालून जमीन उंच करावी लागेल आणि मग त्या जागेत आजवर मावणारे पाणी शेजारी शिरेल. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी ज्या वस्त्या बुडाल्या त्यांनी मोकळ्या सखल जमिनीचे मोल जाणले आहे. पूर्व द्रुतगती मार्गाच्या पश्चिमेला भांडुप, विक्रोळी आणि कांजूरच्या दाट चाळी-झोपड्या आहेत. मिठागर भरले की पाणी त्यांच्याकडे तुंबेल. म्हणजे एका गरिबाला घर देताना दुसऱ्या गरिबाच्या घरात पाणी सोडायचे. घरांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचे उत्तर आजवर दिलेले मला दिसले नाही.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो माझ्याच बाजूची माणसे घेतात. ते म्हणतात, मिठागरे नुसती सोडून द्या, कुंपण घाला, निसर्ग आपले बघून घेईल. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. मिठागर नुसते सोडले तर दोन-चार पावसाळ्यांत बांध फुटतात, उघाडी कुजते, भरतीचे पाणी मनमानी आत-बाहेर करते आणि कांदळवन पुढे सरकते. कांदळवन मोलाचे आहे, ते तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये पक्की बंदी घातली हे फार चांगले झाले. पण खाडीकाठी सगळीकडे कांदळवनच झाले तर मोकळ्या उथळ पाण्याचे पक्षी कुठे जाणार? उलट बाजूला, पाणी आत येणेच बंद झाले तर वाफा सुकून भेगाळतो, त्यावर राडारोडा पडतो, आणि वर्षभरात पहिली झोपडी उभी राहते. ओसाडपणा तिथे अशाने येतो, मीठ थांबल्याने नव्हे. फ्रान्समधल्या कामार्गच्या मिठागरांचा अनुभव यासाठी पाहावा. तिथे जुन्या मीठ कंपनीची हजारो हेक्टर जमीन सरकारी संस्थेने संवर्धनासाठी विकत घेतली. पण मिठासाठी होणारे पाण्याचे नियमित नियोजन थांबताच फ्लेमिंगोंनी आपली जुनी विणीची जागा सोडली आणि अजून मीठ पिकत असलेल्या एग्-मोर्तच्या आगरात घरटी केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत 2003 मध्ये सुमारे 16,500 एकर मिठागरे कंपनीकडून विकत घेतली गेली. तिथे काही भाग भरतीला खुला करून दलदल वाढू दिली आणि काही तळी मुद्दाम बांध-दारे ठेवून उथळ राखली, कारण लहान पाणपक्ष्यांना ती लागतात. कुठे किती पाणी ठेवायचे हे तिथे दरवर्षी पक्षी मोजून ठरवतात. राखणे म्हणजे राबणे, ही गोष्ट दोन्ही ठिकाणांहून कळते.

मग राबणार कोण? पालघर-डहाणूकडून हंगामाला येणारी आदिवासी कुटुंबे आणि खाडीकाठचे आगरी यांच्या हातात हे कसब आहे. कुठल्या भरतीला उघाडी उघडायची, बांधाला कुठे पाझर फुटला, वाफ्यात पाणी किती दिवस टिकते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. जुने भाडेपट्टे 2016 च्या सुमारास संपल्यापासून मालक, मिठागर आयुक्त आणि राज्य यांची मालकीची भांडणे चालू आहेत आणि या कुटुंबांचे नाव कुठल्याच दाव्यात नाही. संवर्धनाचा पैसा पहिल्यांदा त्यांच्या हाती पडला पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजनेखाली राज्य 2017 पासून किनाऱ्यावरच्या गावांत खेकडापालन, कालवापालन यांना अनुदान देते आहे. पाणी सांभाळणे हे त्याच यादीत बसणारे काम आहे. कॅलिफोर्नियातल्या भातशेतकऱ्यांना 2014 पासून एक संवर्धन संस्था काही आठवड्यांपुरते भाडे देते. त्या काळात ते रिकाम्या खाचरांत ठरावीक खोलीचे पाणी ठेवतात आणि स्थलांतर करणारे पक्षी तिथे उतरतात. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीक त्याचेच राहते, आणि पीक नसलेल्या दिवसांचे त्याला पैसे मिळतात.

जमीन राखणाऱ्याला मोबदला द्यायचा, या तत्त्वाची खरी कसोटी मुंबईबाहेर, रायगडच्या खारजमिनींत आहे, आणि तिथे संवर्धनाची बाजू अजून उजळ नाही. पेण-अलिबागच्या पट्ट्यात बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या भातजमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या गेल्या. 1979 च्या खारजमीन कायद्याने त्यांच्या बांधांची जबाबदारी सरकारकडे आहे. बांध फुटून दुरुस्ती लांबली की खारे पाणी शेतात शिरते, भात जातो, कांदळवन उगवते, आणि मग न्यायालयाच्या बंदीमुळे ते तोडता येत नाही. बंदी योग्यच आहे. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या हाती काय राहिले? त्याची जमीन आता खाडीचा किनारा राखते, मासे वाढवते, कार्बन साठवते, आणि त्याबद्दल त्याला एक रुपयाही मिळत नाही. समाजाला जर त्या जमिनीवरचे जंगल हवे असेल तर समाजाने तिचे भाडे द्यावे, दर वर्षी, वेळेवर. वन्यजीवांसाठी शेतजमीन ही कल्पना शेतकऱ्याच्या अंगावर लादायची नसेल तर तिची सुरुवात इथून व्हायला हवी. हा आक्षेप कोणी शेतकरी घेईल तेव्हा माझ्याकडे त्याला खोडायला काही नाही. तो मान्य करूनच पुढे जावे लागेल.

राहिलेले आक्षेप थोडक्यात. डासांचा प्रश्न साचलेल्या, कचऱ्याने तुंबलेल्या पाण्याचा आहे. भरतीने नियमित बदलणाऱ्या, माशांनी भरलेल्या पाण्यात अळ्यांना तसा वाव मिळत नाही, आणि उघाडी चालू ठेवणे म्हणजे नेमके हेच. फ्लेमिंगो घाण पाण्यातही येतात, तेव्हा सगळे आलबेल आहे, असेही सांगतात. सांडपाण्याने शेवाळ वाढते आणि शेवाळावर लहान फ्लेमिंगो पोसतो, हे खरे. पण एका पक्ष्याची गर्दी हे खाडीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे. चिखलातल्या किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना हे पाणी मानवत नाही. विमानतळाजवळ पक्षी नकोत, हा आक्षेप मात्र जबाबदारीने घ्यायला हवा. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत 39 फ्लेमिंगो मेले, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पण बसायची जागा मोडली म्हणून पक्षी खाडी सोडून जात नाहीत. ते जागा शोधत अनोळखी वाटांनी, नको त्या वेळी उडतात. ठरलेल्या जागी ठरलेले पाणी असेल तर त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटाही ठरतात, आणि वैमानिकालाही त्याच वाटा माहीत असणे बरे.

तेव्हा मागण्या तीन, आणि तिन्ही सरकारला करता येण्यासारख्या आहेत. केंद्राने 2017 च्या नियमांतला मिठागरांचा अपवाद काढावा, निदान रामसर स्थळाला लागून असलेल्या मिठागरांपुरता. राज्याने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची जमीन धारावी प्रकल्पातून परत घेऊन कांदळवन कक्षाकडे पाणी-नियोजनासाठी सोपवावी, आणि तिथे हंगामी कामगारांना बारमाही नोकरी द्यावी. आणि देवनारचा कचरा उपसून जी जमीन मोकळी होईल, तिचा खाडीकडचा पट्टा भरतीसाठी खुला ठेवावा. तिथे आज ढिगाऱ्यावर जगणारी शिवाजीनगर आणि बैंगनवाडीची माणसे आहेत. त्यांना नाल्याच्या काठावर उद्यान किंवा आणखी टॉवर देण्यापेक्षा स्वच्छ हवा आणि पूर न येणारे घर द्यायला हवे, आणि ते देताना पाण्याला जायला वाट ठेवावीच लागेल. उघाड्यांची डागडुजी पावसाळ्याआधी होते. ती कोण करणार हे ठरले नाही तर पुढच्या वर्षी वाद घालायला मिठागरच उरणार नाही. फुटलेला बांध आणि त्यावर पडलेला राडारोडा दाखवून तेव्हा सांगितले जाईल की जमीन ओसाडच होती.